फ्लिपर नसलेलं पिनबॉल

कोलाडच्या खानावळीत पाण्याचे जार ठेवलेलं ते टेबल नव्हतंच. हात पुसताना मी त्यावरचं प्लास्टिक उचललं, तर खाली काच. काचेखाली खिळे, भोकं, रंगीत टोप्या. पिनबॉल, म्हणजे लोखंडी गोळी उडवून खेळायचं मशीन!

मालकीणबाई म्हणाल्या, "सासऱ्यांनी आणलेलं. चालत नाय, नुसती जागा अडवतंय. नेताय तर न्या."

रविवारी टेम्पोतून ते पेणला आमच्या पडवीत उतरलं. बाबा धाटावच्या कंपनीतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी खालची फळी उघडली आणि ओरडलेच, "अगो, हे तर आमच्या जुन्या पॅनेलमधले रिले!"

त्यांनी तारा जोडल्या, मी रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे ते स्विच, साफ केले. एकच गोष्ट सापडेना. घसरती गोळी परत वर उडवणारे दोन पट्टे, म्हणजे फ्लिपर. कुणी काढून नेले असणार म्हणून मी हळहळत होते. मग मी मशीनच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवला. फ्लिपर हलवायच्या बटणांसाठी भोकंच नव्हती! फ्लिपर या मशीनला कधी नव्हतेच. मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं, आधी नुसते खिळे आणि भोकं होती, मग विजेवर गोळी उडवणाऱ्या टोप्या आल्या आणि फ्लिपर त्याही नंतर. म्हणजे आमचं मशीन त्या मधल्या काळातलं! मी अक्षरशः उडी मारली.

"मग गोळी वाचवायची कशी?" बाबांनी विचारलं.

"मशीनला धक्का देऊन."

बाबांनी गोळी सोडायचा स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला. गोळी टोपीवर आपटली, घंटा वाजली, दिवा लागला. गोळी घसरायला लागली तशी बाबांनी दोन्ही हातांनी मशीन हलवलं, आणि सगळे दिवे गेले.

"फ्यूज गेला!" बाबा म्हणाले.

फ्यूज धड होता. आत बघितलं तर एक लोंबतं वजन, त्याच्याभोवती पितळी कडं. मशीन फार हललं की वजन कड्याला टेकतं आणि डाव संपतो.

"आपल्याला आऊट केलं की गो यानं!" बाबा हसत सुटले.

"कडं जरा मोठं करूया का?"

"नाय हां. मग खेळ काय राहिला?"

माझी पाळी आली. मी कमरेनं अगदी हलकेच ढकललं. गोळी वळली आणि पुन्हा टोपीवर आदळली. आतून आई जेवायला बोलावत होती. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.