न लावलेली कडी

चावीवाल्याचा धंदाच असा, की सरळ माणसांच्या भरवशावर बसला असता तर उपाशी मरायची पाळी. फोडलेल्या दारांपुढे बसून कुलपं दुरुस्त करता करता सगळं जगच त्याला चोर वाटू लागलं होतं. स्वतःच्या घराला तीन कुलपं. जिना उतरला की परत वर जाऊन ती ओढून बघायची. बायको म्हणायची, "अहो, आपल्याकडे चोर आला तर कीव येऊन काहीतरी ठेवूनच जाईल!"

अशा माणसाला तिने कसंबसं सहलीला बाहेर काढलं आणि अर्ध्या वाटेत बसच बंद पडली. दुसरी बस थेट सकाळी. लेकीचं अंग चांगलंच तापलेलं, ती आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेली, आणि एकुलत्या लॉजमध्ये जागा नाही. समोरच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करणारी बाई हे सगळं बघत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि रस्ता ओलांडून आली.

"पोरगी किती तापलीय हो! चला घरी."

"भाडं किती?" चावीवाल्याने विचारलं.

"आधी तिला आडवी तर करा, दादा."

मागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. तिने पलंगावर परीटघडीची चादर घातली, दूध तापवून दिलं. "लागेल ते घ्या," म्हणाली आणि दुकानाकडे पळाली. कपाटाची किल्ली कपाटालाच लटकत होती. चावीवाला चक्रावला. अनोळखी माणसांच्या हाती अख्खं घर? नक्की काहीतरी डाव असणार!

त्यात दाराची कडी एका स्क्रूवर लोंबकळत होती. स्क्रू ड्रायव्हर त्याच्या खिशात कायमचाच. त्याने कडी पक्की बसवली, लावली, दोनदा ओढून पाहिली आणि मगच टेकला. बायको लेकीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती, पण ताप हटत नव्हता.

दिवे लागायच्या वेळी दार वाजलं. इस्त्रीवाली आली होती.

"नर्सबाई काय म्हणाल्या?"

"कोण नर्सबाई?"

बाईने कडीकडे पाहिलं आणि तशीच उलट पावली धावली. शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना तिने दुपारीच सांगून ठेवलं होतं. त्या दोनदा येऊन गेल्या होत्या. या गल्लीत दार ढकलून आत यायची सवय. ढकललेलं दार उघडलं नाही, तेव्हा पाहुण्यांना निजायचं असेल म्हणून बिचाऱ्या न ठोठावता परतल्या.

आता त्यांनी लेकीला औषध पाजलं, अंग पुसून काढलं, तिला मांडीवर घेऊन बसल्या. चावीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच कडीने आपल्या लेकीचं औषध बाहेर अडवलं होतं. कडी पुन्हा ढिली करायला त्याने स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला.

"राहू द्या, दादा," इस्त्रीवाली म्हणाली. "माझे वडील आतून कडी लावून पडले होते. दार तोडेपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून ती तशीच लोंबकळतेय. पण तुम्ही छान बसवलीत हो. फक्त लावू नका."

रागाचा एक शब्द नाही. वर तिने आणि कामावरून परतलेल्या तिच्या नवऱ्याने आपल्या उशा काखोटीला मारल्या आणि दोघं नर्सबाईंकडे झोपायला निघाली. आपल्याच घरातून माणसं पाहुण्यांसारखी बाहेर पडतात, हे चावीवाला आ वासून बघत राहिला. जन्मभर त्याने लोकांची दारं उघडून दिली होती, पण असं घर त्याच्या पाहण्यात नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवलेही नाहीत.

त्या रात्री तो कडी न लावताच आडवा झाला. सकाळी उन्हाने त्याला जाग आली. पलंग रिकामा! तो धडपडत बाहेर धावला. नर्सबाईंच्या पायरीवर लेक वेणी घालून घेत होती, तोंडाने बडबड चाललेली. ताप कुठल्या कुठे पळाला होता. बायको शेजारीच चहा पीत होती.

"मला उठवलं का नाहीस?" तो ओरडला.

"कशी उठवणार? लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा तुम्हाला घोरताना ऐकलं."