सदाभाऊंचं रक्त

सदाभाऊ गेल्याचा निरोप चाळीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. निरोपाखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि त्या रांगेत कुणीतरी लिहिलं, 'लिव्हर गेलं होतं ना... म्हणजे काय ते समजून घ्या.' त्यालाही दोघा-तिघांनी अंगठा दिला. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं आणि शेवटी फोन पालथा ठेवून दिला. ज्या माणसाच्या रक्तामुळे मी आज जिवंत आहे, त्याच्यासाठी चार ओळी लिहायचा धीर मला त्या दुपारी झाला नाही. त्या आता, महिना उलटून गेल्यावर लिहिते आहे.

लालबागच्या आमच्या चाळीत सदाभाऊ आमच्याच माळ्यावर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे सदाभाऊ मसाल्याच्या डंकावर लागले आणि तिथेच राहिले. दिवसभर मिरची-धणे कुटणाऱ्या यंत्रांपुढे उभे राहून ते घरी यायचे, तेव्हा जिन्यातली पोरं शिंकायला लागायची. बोलणं मोजकं, आवाज खालचा. दारूला कधी शिवले नाहीत. शिमग्याला गावी भाऊबंद आग्रह करायचे, तेव्हा हे आपले कोकम सरबताचा पेला घेऊन ओट्यावर बसून राहायचे. अभिमान म्हणावा तर एकाच गोष्टीचा. त्यांचा रक्तगट ओ निगेटिव्ह, सहसा न मिळणारा. कुठल्याही रक्तपेढीतून फोन आला की मालकाला सांगून, तसेच मसाल्याच्या कपड्यांनिशी निघायचे.

माझ्या मुलीच्या वेळी बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना. माझाही गट तोच, आणि रक्तपेढीत त्या दुपारी एकही पिशवी नव्हती. सुधीर, माझा नवरा, धावत डंकावर गेला. सदाभाऊ आले ते कोपरापर्यंत तिखटाने लाल. त्यांना सुई लावताना नर्स सारखी शिंकत होती, हे सुधीर पुढे कित्येक वर्षं रंगवून सांगायचा. नियमाप्रमाणे सगळ्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही आणि ती पिशवी मला चढली. बारशाला सासूबाईंनी सदाभाऊंना पाटावर बसवून ओवाळलं. लाजून ते मान वर करेनात.

दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांचे पाय सुजायला लागले, मग पोट. सोनोग्राफीत लिव्हर आकसलेलं, गाठाळ दिसलं. सिरॉसिस. हा शब्द एका संध्याकाळीत वरच्या माळ्यावरून तळमजल्यापर्यंत पोहोचला आणि त्याच्याबरोबर दारूही पोहोचली. 'डंकावर काय करतात ते कोण बघायला जातंय?' असं नळावर बोलणं व्हायचं. डॉक्टरांचाही पहिला प्रश्न, 'किती घेता?' सदाभाऊ म्हणायचे, 'घेत नाही.' मग डॉक्टर त्यांना सोडून त्यांच्या बायकोच्या, रंजनावहिनींच्या तोंडाकडे बघायचे. वहिनी एकदा माझ्याकडे येऊन रडल्या. "गीता, मी पण त्यांच्या पिशवीत हात घालून बघितला गं. बाटली आहे का ते. नेमके तेव्हाच ते मोरीतून बाहेर आले."

काविळीच्या बी आणि सी, दोन्ही तपासण्या केल्या होत्या. दोन्हींत काही नव्हतं. पुढे लिव्हरमध्ये गाठ दिसली, ती कॅन्सरची निघाली. परळच्या ज्या हॉस्पिटलात त्यांना नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंचं मात्र समाधान होईना. त्यांनी रक्त आणखी बारकाईने तपासून घेतलं. रिपोर्टच्या दिवशी मी बरोबर होते. बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि सोप्या शब्दांत सांगितलं. नेहमीची तपासणी हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा अंश शोधते. तो सदाभाऊंच्या रक्तात नव्हता, म्हणून दर वेळी निगेटिव्ह येत गेलं. पण विषाणू लिव्हरमध्ये दडून होता, अगदी थोड्या प्रमाणात. छुपा हिपॅटायटिस बी. कधी लागला ते आता सांगता यायचं नाही. जन्माच्या वेळी आईकडून असेल, लहानपणी एखाद्या नीट न उकळलेल्या सुईतून असेल. पण लिव्हर खराब होण्यामागे बहुधा तोच होता.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दारू नाही, हे पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं. मला वाटलं, सदाभाऊंच्याही जिवावरचं ओझं उतरेल. पण त्यांनी विचारलं, "हा रक्तातून जातो?"

"जाऊ शकतो."

"मी रक्त दिलंय, डॉक्टर. खूप वर्षं देतोय."

बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. म्हणाल्या, "तेव्हाच्या तपासणीत हा सापडण्यासारखाच नव्हता. तुमचा काही दोष नाही. आणि असा दडलेला विषाणू दुसऱ्याला लागण्याची शक्यता लहान असते."

"लहान म्हणजे... किती?"

त्यावर बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. सांगता येत नाही, म्हणाल्या. ज्यांना ज्यांना कळवता येईल त्यांनी तपासून घ्यावं, घरच्यांनीही. जेवण्याखाण्यातून, एकत्र राहण्यातून हा पसरत नाही, हेही सांगितलं. येताना टॅक्सीत सदाभाऊ ड्रायव्हरशेजारी बसले. घरापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

जिन्यात मी म्हटलं, "सुधीरला मी सांगेन हळूहळू, तुम्ही नका येऊ." ते म्हणाले, "नको. माझं मी सांगतो." रविवारी संध्याकाळी आले. एरवी थेट आत येऊन पलंगावर बसणारा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहिला. हाक मारल्यावर आत आला, तरी भिंतीला टेकून उभाच. पाय टम्म सुजलेले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "सुधीर, गीताला तपासून घे रे. पोरीला पण." मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला होता. सुधीरचा चेहरा बघता बघता बदलला. "एवढ्या वर्षांनी सांगताय?"

"मलाच आत्ता कळलं."

"आणि माझ्या पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

सुधीर दाराशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "या आता."

ते गेले. गॅलरीत त्यांच्या सपातांचा घासत जाणारा आवाज बराच वेळ येत राहिला. सुधीरने कप उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. सदाभाऊंनी त्याला ओठसुद्धा लावला नव्हता. कपाने काही पसरत नाही, हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकून आले होते. तरी मी डब्यावर झाकण लावलं आणि कुकर चढवला...

वहिनींचं आणि मुलांचं म्हणणं, आता कुठे बोभाटा करू नका. दारुडा म्हणून झालं, आता रोगट रक्त वाटलं म्हणून लोक बोलतील. पण सदाभाऊ एका सकाळी टॅक्सीही न करता, काठी टेकत, रक्तपेढीत गेले आणि सगळं सांगून आले. तिथल्या लोकांनी खुर्ची दिली, आभार मानले. अलीकडे ज्यांना रक्त गेलं त्यांचा शोध घेऊ म्हणाले, पण जुन्या काळातलं काही हाती लागणं कठीण. सदाभाऊ पुन्हा दोनदा फोन करून विचारत राहिले. त्यांच्या औषधाच्या गोळ्या चालू झाल्या होत्या, पण गाठ फार वाढलेली होती. त्यांना मात्र स्वतःबद्दल विचारायचं काही उरलं नसावं.

माझी आणि मुलीची तपासणी झाली, नेहमीची आणि बारकाईची, दोन्ही. आम्हा दोघींत काही नव्हतं. रिपोर्ट घेऊन मी तशीच परळला, सदाभाऊ भरती होते त्या वॉर्डात गेले. डोळे हळदीसारखे पिवळे, हातांच्या काड्या, पोट तेवढं वर आलेलं. मी दोन्ही कागद त्यांच्या समोर धरले. त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचले, माझं नाव, मुलीचं नाव. "बरं झालं," म्हणाले. डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "बाकीच्यांचं काय झालं असेल गं? त्या बिचाऱ्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही." थोड्या वेळाने विचारलं, "सुधीर कसा आहे?" मी म्हटलं, कामात आहे. त्यांनी मान हलवली. सुधीर हॉस्पिटलात एकदाही आला नव्हता. स्मशानात आला, पण सगळ्यांच्या मागे, फाटकाजवळच उभा राहिला.

तेराव्यानंतर मंडळाचे कार्यकर्ते वहिनींकडे आले. सदाभाऊंच्या नावाने रक्तदान शिबिर घेऊ, मोठा फोटो लावू म्हणाले. मी तिथेच बसले होते. वहिनींनी उठून दार सताड उघडलं, गॅलरीत उभ्या असलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून. "ते दारूने गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या लिव्हरमध्ये कावीळ दडून होती. त्यांचं रक्त कुणाकुणाला गेलं त्याच्या लाजेत ते गेले. फोटो नको. रक्त घ्यायचं असेल तर लोकांचं तपासायला घ्या." मंडळाची पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

मागच्या रविवारी चाळीच्या आवारात ती तपासणी झाली. परळच्या त्या डॉक्टरीणबाईंनी माणसं पाठवली होती. वहिनी बसल्या, त्यांची मुलं बसली, मी मुलीला घेऊन बसले. आणखी थोडे आले, बरेचसे गॅलरीतून वाकून बघत राहिले. ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांपैकी एकही उतरला नाही. दुपारी टेबलं आवरायला घेतली तेव्हा सुधीर जिना उतरून आला. कुणाकडे न बघता खुर्चीत बसला आणि त्याने शर्टाची बाही वर सरकवली. समोरच्या मुलीने त्याचं नाव विचारलं, वय विचारलं. मग सगळ्यांना विचारत होती तसं त्यालाही विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?"

त्याने एकदा वर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

"सदाभाऊंनी," तो म्हणाला. "घरी येऊन सांगून गेले होते."