बॉलरूमखालचं अंगण

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. मी मिशनच्या शाळेत शिकलो, बांधकामांवर ओव्हरसियर म्हणून उमेदीची वर्षं घालवली. तरी हे घडलं ते घडलं...

ठाण्याच्या खाडीकाठी साहेबलोकांचं मोठं हॉटेल आहे. रेल्वे आली त्या सुमारास बांधलेलं — झुंबरं, रुंद व्हरांडे, नाचाला बॉलरूम. ती जागा आमची. आमचं घर पाडलं, अंगणातली विहीर बुजवली. त्याच्या थोडं आधीच माझी धाकटी बहीण सोनी तापाने गेली होती. तीन वर्षांची पोर. आम्ही नौपाड्याकडे राहायला आलो. आय त्या वाटेने पुन्हा फिरकली नाही. एवढंच म्हणायची, "घर मोडलं. आता पोर आली त जाईल कुठं?"

पुढे बऱ्याच वर्षांनी हॉटेल बंद पडलं. एका पारशी शेटजींनी ते घेतलं आणि दुरुस्तीवर नेमकं मलाच नेमलं. तोवर आयची नजर गेली होती. बॉलरूमची कुजलेली लाकडी जमीन आम्ही उखडली, तर खाली आमच्या अंगणाची माती! घरी सांगितलं. आय म्हणाली, "मना ने तिथं."

दुपारी गडी जेवायला गेले होते. मी तिला धरून खाली उतरवलं. तिने हात सोडवला आणि पडलेल्या तुळया चुकवत सरळ चालत गेली. खिडकीपाशी खाली बसली... आणि कोणाशी तरी बोलू लागली.

"इतका येळ कुठं व्हतीस गो? जेवलीस?"

"आये, कोण आहे तिथं?"

तिने हातानेच मला थांबवलं. हसत होती. आय हसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

बाहेर आणली तेव्हा तिचा पदर निथळत होता. चैत्राचं ऊन, माती ठणठणीत कोरडी. मी पदर पिळून थेंब जिभेला लावला — गोडं पाणी! दुसऱ्या दिवशी तिथंच खणून पाहिलं. विहिरीची दगडी कड लागली, पण आत नुसता भराव. तळापर्यंत सुका.

आमचे एक डॉक्टर स्नेही म्हणतात, मनाचे खेळ. असतीलही. पण त्या संध्याकाळी आय स्वतःच्या खांद्याला हात लावून मला सांगत होती, "इतकी उंच झालीय रं. हातात काकणं हाईत. ऊन लागलं म्हणून माजं तोंड धुतलं तिनं."

आयच्या मनात सोनी कायम तीन वर्षांचीच होती. तिची एवढीशी कुंची आय अजून उशाशी घेऊन झोपायची. मग तिला मोठं कोणी केलं?