हळद लागलेलं पदक

ती तक्रार आठवली की आजही मला आधी माझाच चढलेला आवाज ऐकू येतो.

मी तेव्हा कोरेगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जवळच्या गावात, उसाच्या मळ्यातल्या जुन्या दगडी घरात, एका निवृत्त सुभेदारांनी लष्करी संग्रहालय केलं होतं. त्या गावात घरटी एक जण फौजेत. लोकांनी गणवेश, पत्रं, पदकं विश्वासाने आणून दिलेली. त्यातलं एका शहीद जवानाचं पदक नाहीसं झालं आणि सुभेदारांनी तक्रार दिली. पंचनाम्यात कपाटाचं कुलूप शाबूत, काच शाबूत. चावी एकच, ती राखणदाराकडे. तोही फौजेतला, नाईक हुद्द्यावरून निवृत्त झालेला. त्याला ठाण्यात बोलावलं.

"कपाट कुणी उघडलं?"

"मीच उघडलं, साहेब."

"मग पदक कुठंय?"

"त्ये सांगणार न्हाई. बुधवारी सकाळी जाग्यावर असंल."

खोटं बोलणाऱ्याला पकडणं सोपं असतं. हा खरं बोलून गप्प बसला होता. मी टेबलावर हात आपटला, अटकेची भीती घातली. सुभेदारांनी कामावरून काढतो म्हणून सुनावलं. गडी ढिम्म. दोन दिवस मी त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. गावात तो चोर ठरला.

सोमवारी दुपारी आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. बँडमध्ये ताशा वाजवायचा तो. "साहेब, त्या जवानाच्या लेकीची आज हळद हाय, उद्या लगीन. कार्य पल्याड तिच्या मामाच्या गावी हाय. पदक हितं मांडवात हाय."

साध्या कपड्यांत एकटाच गेलो. नवरीशेजारी एक पाट मांडलेला, त्यावर तांदूळ, तांदळावर पदक. जवानाची म्हातारी आई नातीआधी त्या पदकाला हळद लावत होती. मी हळूच ओळख सांगितली.

"आवं साहेब, पोरीला हळद लागायची आन् बाप कपाटात? सुभेदारास्नी दुसऱ्याकरवी, नाव न सांगता इचारलं, त्ये म्हणाले वस्तू भाईर जात न्हाई. मग नाईकाम्होरं हात जोडले." तिने माझ्याकडे पाहिलं. "त्येंनीच सांगितलं व्हय तुमाला?"

"नाही. त्यांनी काहीच सांगितलं नाही."

लग्नघरी पोलीस येऊ नयेत म्हणून त्या माणसाने स्वतःची अब्रू पणाला लावली होती. मला फार लाज वाटली. ठाण्यावर परतून नाईकांची माफी मागितली आणि माझ्याच गाडीतून त्यांना हळदीला पोहोचवलं. सगळं ऐकून सुभेदारांनी तक्रार मागे घेतली. बुधवारी सकाळी पदक जागेवर होतं. संग्रहालयाच्या नियमांत सुभेदारांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: घरच्या कार्याला वस्तू नेता येईल.

त्यानंतर समोर गप्प बसलेल्या प्रत्येक माणसाबद्दल मी आधी एकच विचार करायचो, हा कुणाला तरी सांभाळत तर नाही ना? त्यामुळे माझ्या हातून पुढच्या कितीतरी चुका टळल्या. नाईकांचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

निवृत्तीनंतर परवा मुद्दाम त्या मळ्यात गेलो. नाईकांनी चहा पाजला, कपाट दाखवलं. पदकाची फीत अजून पिवळी होती.

"धुतली नाही अजून?" मी विचारलं.

नाईक हसले. "ऱ्हाऊ द्या साहेब. बाप लग्नाला हुता, त्येला पुरावा नगं व्हय?"