हॉलीहॉकचा खोडवा
हॉलीहॉकच्या फुलझाडाचा हिरवा दांडा तुटल्याचा वास आला की माझ्या तळहातावरचा व्रण ठणकतो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, गडहिंग्लजजवळच्या आमच्या घरी, फुलं सरताच सासऱ्यांनी ऊसतोडीचा कोयता काढला आणि माझ्या आईनं दिलेल्या बियांची ती पुरुषभर उंचीची झाडं जमिनीलगत सपासप उडवली. मी धावत जाऊन पातंच धरलं. रक्ताची धार लागली. "सोड, येडे! खोडवा ठेवतोय. उसागत बुडातनं परत फुटंल की!" ते ओरडले. "मग तुमचा पाय तोडू काय? त्योबी फुटंल की!" मी किंचाळले. झाडं खरंच फुटली. पुढं साखरेच्या आजारात डॉक्टरांनी सासऱ्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. आता फुलं सरली की कोयता मीच चालवते आणि ते खुर्चीतून सांगतात, "आणखी खालनं तोड, पोरी. झाड हाय, फुटंल."