खोलीतल्या मॅडम

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या खोलीत आठ बायका, चार दुमजली पलंग आणि भाताचा एक कुकर. आठवी होती ओडेट, कलावंत. चित्रं काढायची, नाचायची, शिवायची, व्हिडिओ करायची. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी मनात म्हटलं. तिच्या कार्डावर मात्र त्याला चांगलं भारदस्त नाव होतं.

आईबाप फिलिपिनो, जन्म अबू धाबीचा, शिक्षण कॅनडात. 'मी नेमकी कुठली?' हा तिच्या कलेचा विषय. आम्हा मनिलाहून आलेल्या कामकरी बायकांना हा प्रश्न कधी पडला नाही, व्हिसावर छापलेलंच असतं.

तिला आमच्यातलीच एक व्हायचं होतं, अगदी जीव तोडून. पण आमची भाषा टागालोग ती मोडकीतोडकी बोलायची, ते ऐकून बायका हसू दाबत आणि तिला पहिलं ताट वाढून देत. "बसा मॅडम, जेवून घ्या." बिचारी हिरमुसायची. हसणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला सांगू?

मग तिचं प्रदर्शन लागलं. पांढऱ्या दालनात मधोमध आमच्यासारखाच पलंग, फुलाफुलांचा पडदा, वर पाटी: 'पलंग भाड्याने देणे आहे. फक्त फिलिपिनो महिला.' सुटाबुटातले लोक गंभीर होऊन बघत होते. आमच्याबरोबर सलूनमधली लुझविमिंडा आली होती. तिला शुक्रवारी खोली सोडायची होती. ती थेट पुढे झाली.

"मॅडम, खालचा कधी रिकामा होतोय?"

"अहो, हा पलंग नाही, प्रश्न आहे."

"ते कळलं हो. खिडकीजवळ आहे का?"

सगळे हसले. ओडेटचे कान लाल झाले.

शुक्रवारी मी लाँड्रीतून परतले, तर ओडेटच्या पलंगावर लुझविमिंडा आडवी, आणि ओडेट बॅग भरून दारात. खोली माझ्या नावावर, आणि मला न विचारता जागा देऊन मोकळी! माझं डोकंच फिरलं.

"अगं ए दीडशहाणे! मोठी आली दानशूर! आता तू निजणार कुठे? प्रदर्शनात?"

"आते मारिविक," ती मला म्हणाली, आते म्हणजे आमच्याकडे ताई, "तिथली गादी नुसती रंगवलेली आहे."

"मग ठेव ती बॅग खाली! माझ्याशेजारी निज, आणि लाथ मारलीस तर याद राख. मालकाला नववी बाई दिसली तर मलाच हाकलेल तो. बघतेस काय? भांडी कोण घासणार, तुझा बाप?"

ओडेट हुंदके देत, मधेच हसत भांडी घासायला बसली. मला इतकं बरं वाटलं, की मी तिला आणखी चार शिव्या घातल्या.