पॅड का पाट?

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भडंगाला फोडणी घालत होते. सांगलीहून साताऱ्याला भावाकडे जायचं म्हणजे पिशवीत भडंग हवंच, आणि तेही घरचं. दुकानातलं नेलं तर तो एक घास खाऊन डबा बाजूला सारायचा आणि विचारायचा, "ह्यात लसूण कुटं हाय?" दुसऱ्या दिवशी मी निघणारच होते. फोनवर वहिनी होती, शोभावहिनी, दादाची बायको. ती रडत नव्हती. "वन्सं, आजच या," म्हणाली. मग थांबली... "ह्ये सकाळी उठलंच न्हाईत." मी गॅस बंद केला तोवर लसूण करपला होता. तेच करपलेलं भडंग मी डब्यात भरलं आणि घेऊन गेले. का नेलं, ते आजही मला सांगता येणार नाही.

त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. भेटायला आलेली माणसं चांगलंच बोलली. फौजी माणूस, शिस्तीचा, कधी कुणाचं ओझं झाला नाही. सगळं खरं आहे. पण माझा दादा, संपत, टीव्हीवरच्या गेममध्ये मारामाऱ्या करणारा गडी होता आणि त्यात त्याच्यासारखा कडवा खेळणारा मी दुसरा पाहिला नाही. हे कुणीच बोललं नाही. पांढऱ्या टोप्या घालून बसलेल्या माणसांत मीही ते बोलू शकले नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. दादा फौजेत ट्रक चालवायचा. एका सुट्टीला येताना त्यानं सिलिगुडीच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला. त्याला वायरीनं लटकलेले दोन पॅड होते, तळहातात मावणारे, चपटे. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण असायचं. त्यानं पडद्यावरचा माणूस मागं-पुढं सरकायचा, उडी मारायचा, खाली बसायचा. उजव्या अंगठ्याखाली दोन बटणं, एक बुक्कीचं आणि एक लाथेचं. कॅसेटमध्ये खेळ पुष्कळ होते, पण आम्हा दोघांना एकच आवडला. दोन गडी समोरासमोर, जो आडवा होईल तो हरला. आई दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "अंगाला माती लागंना, ही कसली रं कुस्ती?"

दादाचा हात मात्र पॅडवर बसलेला नव्हता. तो हा खेळ शिकला होता एस.टी. स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. तिथं कपाटाएवढी यंत्रं होती आणि त्यांवर दांडा होता, वर गोल गोळा असलेला. तो दांडा हलवून माणूस हलवायचा. त्या दुकानात मुलींनी पाऊल टाकायचं नसतं असं सगळ्यांनी ठरवलेलं होतं, त्यामुळे मी काय ते पॅडवरच शिकले. आणि त्यावरून आमचं रोज वाजायचं. तो म्हणायचा, "पॅडवर निस्ता अंगठा नाचतो. दांड्यावर अख्खा हात खेळतो गं. खालनं तिरका फिरवून पुढं घ्यायचा, की गडी हवेतनं आगीचा गोळा फेकतोय का न्हाई बघ." मी म्हणायची, पॅडवर नेमकं दाबता येतं, दांडा म्हणजे नुसता खडखडाट. पुढं मी जिंकायची, कारण घरात दांडा नव्हताच. मग मी त्याला अंगठा दाखवायची. डावा. त्याच्या नाकासमोर नाचवून.

त्याच्या पुढच्या वर्षी दादा सुट्टी नसताना घरी आला. ट्रकचा फाळका लावताना डावा हात साखळीत सापडला होता आणि अंगठा मुळापासून गेला होता. बाकीची चार बोटं शाबूत होती. त्याला पेन्शनवर घरी पाठवलं. पुढं एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर नोकरी लागली, सदऱ्याची बटणंही तो लावायला शिकला, सगळं हळूहळू जमत गेलं. पण गेम त्यानं फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. मीच एकदा तो खाली काढला, जोडला आणि पॅड त्याच्या हातात दिला. त्यानं दोन्ही हातांत कसाबसा धरला. त्याचा माणूस जागेवरच अडखळत होता आणि मी... मी माझा माणूस त्याच्यासमोर नेऊन उभा करत होते, मार खायला. दुसऱ्या फेरीतच त्याच्या लक्षात आलं. त्यानं पॅड खाली ठेवला. ओरडला नाही. "मला जितवू नगो सुमे," म्हणाला, "त्यापेक्षा खेळू नगो." मी रात्रभर चिडले होते, त्याच्यावर, त्या ट्रकवर, सगळ्यावरच. दादानं पुन्हा कुणाबरोबर बरोबरीनं भांडावं एवढीच माझी इच्छा होती आणि ते होत नव्हतं.

पुढं माझं लग्न होऊन मी सांगलीला आले. तिथं आमच्या घराजवळचं गेमचं एक दुकान मोडीत निघालं आणि त्याची यंत्रं भंगारवाल्याकडे आली. मला ते यांच्याकडून कळलं आणि मी हातातलं काम टाकून गेले. भंगारवाल्याला आधी खरंच वाटेना की ही साडीतली बाई दांडा मागते आहे. त्यानं तो उपटून दिला, खालच्या चार खटक्यांसकट. सोबत दोन मोठी गोल बटणं. घरी येऊन मी दांडा डाव्या हातात धरून बघितला. अंगठा तळहाताशी मिटला आणि गोळा खालून नुसत्या बोटांत घेतला. फिरत होता! चांगला गरागरा फिरत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

तो दांडा भडंगाच्या पिशवीत घालून मी नागपंचमीला माहेरी गेले. आई तिच्या माहेरी, शिराळ्याला, पंचमी बघायला गेलेली होती. घरात दादा, नवीनच लग्न होऊन आलेली वहिनी आणि मी. मी पिशवीतून दांडा काढून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो उचलला. उलटा केला. एकेक खटका दाबून आवाज ऐकला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ह्याला बैठक पायजे. जड. सरकाया नगो." आम्ही घरभर शोधलं. खोकं हलकं पडायचं, फळी वळवळायची. शेवटी वहिनीच म्हणाली, "पाट बघा की." आईच्या लग्नातल्या जोडीतला एक पाट, शिसवी, कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेला. भाऊबीजेला दादा ज्यावर बसायचा तोच. दादानं क्षणभर विचार केला आणि गिरमिट आणायला गेला.

त्या दिवशी आम्ही सकाळपासून सगळं पाळलं होतं, हे सांगायला हवं. पंचमीला चिरत नाहीत म्हणून विळी भिंतीला लावून ठेवलेली. तवा चढवत नाहीत म्हणून जेवायला उकडलेली दिंडं. आणि जेवण झाल्यावर मागच्या सोप्यात बसून आम्ही तिघांनी त्या शिसवी लाकडाला तीन भोकं पाडली. लाकूड कसलं कठीण, घामाघूम झालो, भुसा उडत होता, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाटाखालच्या पट्ट्यांना लाकडाचे तुकडे जोडून उंची वाढवली, खाली दांड्याचं पोट मावावं म्हणून. दोनांतला एक पॅड उघडला, त्याच्या आतल्या पट्टीवर वायरी कथलाचा डाख देऊन जोडल्या. मी वायर धरायची आणि दादा उजव्या हातानं डाख द्यायचा. पाट उलटा ठेवून काम केल्यामुळे डावं-उजवं बदललं, आणि पहिल्यांदा जोडल्यावर दादाचा माणूस पुढं ढकलला की पाठ दाखवून पळायला लागला. वहिनी हसून हसून भिंतीला टेकली. दादाही हसला. त्याला असं हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

तिसऱ्या दिवशी आई आली. पाट बघून तिनं विचारलं, "कवा केलं ह्ये?" वहिनी नवीन, भाबडी. तिनं खरं सांगून टाकलं. आईनं कपाळाला हात लावला. "आवं, पंचमीला विळी धरत न्हाईत, आन् तुमी गिरमिट चालीवलं? शिराळ्यात नागाला हात जोडत हुते मी, आन् हितं तुमी..." पाटाचं तिला काहीच नव्हतं. दिवस चुकला, ते लागलं. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा खेळत बसला होता आणि ती दारात उभी होती. त्याचा डावा हात त्या गोळ्यावर भराभर फिरत होता, चारी बोटं. तिनं आतून करंडा आणला, पाटाच्या पितळी फुलांना हळदकुंकू लावलं आणि कुणाकडेही न बघता चुलीकडे निघून गेली. त्यानंतर प्रत्येक पंचमीला ती त्या पाटाला हळदकुंकू लावायची. ती गेल्यावर वहिनी लावते.

भाऊबीजेला मग जोडीतला दुसरा पाट बसायला आणि हा खेळायला. ओवाळून झालं, फराळ झाला की दादा टीव्ही लावायचा, उरलेला पॅड आणि तो पाट शेजारी शेजारी मांडायचा आणि विचारायचा, "काय घेनार? पॅड का पाट?" माहेरवाशिणीनं आधी घ्यायचं, हा त्याचा कायदा. मी म्हणायची पॅड. तो पाट ओढून घ्यायचा. आणि मग जी काय जुंपायची! शेजारच्या बायका डोकवायच्या, काय झालं म्हणून. तो मला धुऊन काढायचा, मी त्याला. आता मी कसलीही सवलत देत नव्हते आणि द्यायची ताकदही नव्हती, इतका तो पुढं गेला होता. मला फक्त त्या प्रश्नाचा राग यायचा. पॅडला अंगठा लागतो हे त्यालाही माहीत, मलाही. मग कशाला विचारायचं? उगाच नाटक. एकदोनदा मी तसं म्हणालेही. "इचारायचं आस्तं," एवढंच तो बोलला.

मग एका दिवाळीत चकल्या तळताना माझा डावा अंगठा भाजला. चांगला फोड आला. तशीच भाऊबीजेला साताऱ्याला गेले. ओवाळलं. दादानं मांडामांड केली आणि नेहमीसारखं विचारलं. मी अंगठा लपवून बसले होते. न खेळता परत जायचं जिवावर आलं होतं, आणि खेळायचं म्हटलं तर... मी हळूच म्हणाले, "पाट."

वहिनी आत काहीतरी करत होती, ती थांबली असावी, भांड्यांचा आवाज बंद झाला. दादानं पाट उचलून माझ्यापुढं ठेवला. पॅड घेतला, मांडीवर आडवा टेकवला, डाव्या हाताची तर्जनी त्या अधिकच्या चिन्हावर ठेवली आणि उजवा अंगठा बटणांवर. "चल," म्हणाला. माझ्या हातात दांडा म्हणजे दारुड्याच्या हातात सायकल. माझा माणूस भलतीकडेच उड्या मारत होता. आणि दादाचा माणूस सरळ येत होता, बसत होता, उठत होता, नेमका. त्याचं बोट त्या बटणावर टिपं घातल्यासारखं चाललं होतं. मध्येच तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "गच्च धरू नगो. पेला धरल्यागत धर." पहिली फेरी त्याची, दुसरी कशीबशी माझी, तिसरी त्याची. मग त्यानं माझ्या डोळ्यांसमोर हात आणला आणि अंगठा होता तिथली जागा नाचवून दाखवली. एवढ्या वर्षांनी फेडून घेतलं! मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

आत गेल्यावर मी वहिनीला विचारलं, ह्याला पॅड कधी जमायला लागला? ती पदरानं हात पुसत म्हणाली, "लय दिस झालं. कामावरनं आलं की पॅड घिऊन बसत्यात. म्या म्हटलं, तुमचा पाट हाय की. तर म्हनत्यात, सुमी कवातरी पाट मागंल. तवा काय न्हाई म्हनू तिला?" बाहेरून दादाचा आवाज आला, "इचारायचं तर खरं इचारायचं, न्हायतर इचारू ने." मी वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्या दिवसानंतर मी त्या प्रश्नाला कधी नाटक म्हटलं नाही. विचार करून उत्तर द्यायची, कधी पॅड, कधी पाट, आणि तो उरेल ते घ्यायचा. घरी नवा पातळ टीव्ही आला तरी जुना पेटीवाला वहिनीनं टाकू दिला नाही, भाऊबीजेसाठी ठेवला.

तेराव्यानंतरची आवराआवर झाल्यावर वहिनीनं मला आतल्या खोलीत बोलावलं. कॉटवर तिनं दोन्ही मांडून ठेवले होते, शेजारी शेजारी. "आटवन म्हनून एक तुमी न्या," म्हणाली. मग तिच्या नकळत की मुद्दाम, देव जाणे, तिनं विचारलं, "काय घेनार वन्सं? पॅड का पाट?"

सगळ्यांना वाटलं असतं मी पाट नेईन. पाट आईचा, भोकं आमची, गोळा त्याच्या हातानं गुळगुळीत झालेला. मी त्यावर हात ठेवला. गार होता. मग पॅड उचलला. पॅड माझा, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. उजेडात नेऊन बघितला तर अधिकच्या चिन्हावर मधोमध झिजल्याची काही खूण नव्हती. अंगठ्यानं झिजतं ते मधून झिजतं. हे कडांनी झिजलं होतं, चारही टोकांना, नखाचे बारीक बारीक ओरखडे पडलेले. मी वर्षातून एकदा यायची. बाकीच्या सगळ्या संध्याकाळी तो ह्याच्यावर बसलेला असायचा, मी कधीतरी पाट मागेन म्हणून.

"पॅड," मी म्हणाले.

वहिनीनं मान हलवली. पाट उचलून टीव्हीसमोर नेहमीच्या जागी ठेवला.

यंदा त्या घरात सण नाही. रांगोळी नाही, ओवाळणं नाही. पण भाऊबीजेला मी साताऱ्याला जाणार आहे, भडंग घेऊन, लसूण न करपवता. पॅड पिशवीत असेल. टीव्हीसमोर माझ्या जागी बसेन आणि शेजारच्या पाटाला हात लावणार नाही. माहेरवाशिणीनं आधी घ्यायचं असतं. माझं घेऊन झालंय, दादा. उरलं ते तुझं.